ऑगस्टात धूळ दिसंल कशी?

मागच्या आठवड्यात शिरड शहापूरला स्टँडवर चहा पीत उभा होतो. ओळखीच्या एक काकू आल्या, पिशवीतून गुंडाळी केलेलं कॅलेंडर काढलं आणि म्हणाल्या, "भाऊ, हे पेपरात येतं का बगा."

भिंतीवरचं साधं कॅलेंडर, सरलेल्या वर्षाचं. आपल्याकडं दुधाचा हिशेब लिहितात तसं तारखांच्या चौकटीत पेन्सिलनं काहीतरी लिहिलेलं. मला वाटलं दुधाचंच असेल. पण लिटर कुठंच नव्हते. काही तारखांवर एक फुली, काहींवर दोन, बाकीच्या कोऱ्या.

फुली म्हणजे धूळ. रात्री ओट्यावर स्टीलची परात पालथी घालायची, सकाळी तिच्यावर बोट ओढायचं. रेघ उठली तर एक फुली. बोट पांढरं झालं तर दोन. त्यांच्या शेताजवळ खडी क्रशर आहे. गावाचं नाव लिहीत नाही, क्रशरवाल्याचंही नाही. नाव घातलं की भांडण नावावर जातं, आणि काकूंना राहायचंय तिथंच.

जानेवारी ते मे पानं फुल्यांनी भरलेली. जून ते सप्टेंबर जवळजवळ कोरी. नोव्हेंबरपासून परत सुरू.

"ही परात रोज कामून घालता?" मी विचारलं.

"साहेब लोक म्हणतात धूळच नाही. मंग म्हणलं लिहूनच ठिवावं."

ते वाक्य मला लागलं, कारण 'धूळच नाही' हे मी स्वतः छापलेलं आहे. दोन-तीन वर्षांपूर्वी याच क्रशरबद्दल तक्रार झाली होती. मी मालकाला फोन केला, तर त्यांनी पाहणी अहवालाची झेरॉक्स हातात दिली. एक पान. पाणी फवारणीची यंत्रणा उपलब्ध. सभोवती वृक्षलागवड. धूळ आढळून आली नाही. खाली सही-शिक्का. मी 'पाहणीत नियमांचे पालन आढळले' अशी दोन कॉलम बातमी दिली आणि मोकळा झालो. जागेवर गेलो नाही. त्या वर्षीच्या दिवाळी अंकात त्यांची अर्ध्या पानाची 'हार्दिक शुभेच्छा' जाहिरात होती. कुणी मला काही सांगितलं नव्हतं. सांगावं लागतच नाही. ग्रामीण वार्ताहराचं घर जाहिरातीच्या कमिशनवर चालतं, हे वाचणाऱ्या सगळ्यांनाच माहीत आहे.

परवा ती झेरॉक्स फायलीतून काढली. या वेळी तारीख बघितली. ऑगस्ट महिना! झडीचे दिवस. रान हिरवंगार, दगड ओला, क्रशर असंतसं चाललेलं. त्या दिवशी खरंच धूळ नसणार. म्हणजे अहवाल खोटा नाही. अगदी खरा आहे आणि काही कामाचा नाही.

जी गोष्ट फेब्रुवारीत मोजायची ती ऑगस्टात मोजली. आणि फेब्रुवारी-मार्चातच तर आपली हळद निघते. काढायची, शिजवायची, मग पंधरा-वीस दिवस उघड्यावर वाळत घालायची. काकू म्हणतात, वाळवणावर पिठासारखा थर बसतो, पॉलिशला वेळ जास्त लागतो आणि व्यापारी हातात घेऊन तोंड वाकडं करतो. 2024 मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. मीही ठेवला होता. त्या वाळवणावर काय पडतंय हे कोण बघतंय?

कागदावर बघणारे कमी नाहीत. नियमही आहेत. दगड फोडणाऱ्या यंत्राला धूळ दाबणारी यंत्रणा पाहिजे, वारा अडवणारी भिंत पाहिजे, आतला रस्ता पक्का पाहिजे, जमिनीवर नेमानं पाणी मारलं पाहिजे, भोवती झाडांचा पट्टा पाहिजे. यंत्रापासून 3 ते 10 मीटरवर हवा मोजली तर तरंगती धूळ घनमीटरला 600 मायक्रोग्रॅमच्या आत पाहिजे. हे सगळं 1986 च्या पर्यावरण कायद्याखालच्या नियमांत लिहिलेलं आहे. हवेचा कायदा तर 1981 चा. पण 600 आहे का 6000, हे डोळ्यांनी कळत नाही. त्याला हवा ओढून घेणारं यंत्र लावावं लागतं, आणि तेही क्रशर चालू असताना. माझ्याकडच्या एका पानावर मोजलेला एकही आकडा नाही. 'आढळून आली नाही', एवढंच.

आता कोण काय करतं ते बघा. ग्रामपंचायत ना-हरकत देते आणि विसरते. प्रदूषण नियंत्रण मंडळ संमतीपत्र देतं. महसूलवाले गौणखनिजाची रॉयल्टी बघतात, म्हणजे ब्रास मोजतात. दगड किती निघाला याचा हिशेब सरकारला पक्का पाहिजे, कारण त्यात पैसा आहे. धूळ किती निघाली याला पावती नाही. (तलाठ्याचं आता ग्राम महसूल अधिकारी झालं, ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी. पाट्या बदलल्या.)

एका अधिकाऱ्याशी बोललो. माणूस बरा वाटला. म्हणाला, "एवढ्या भागाला आम्ही किती जण आहोत ते तरी विचारा. साखर कारखाने, जिनिंग, दवाखान्यांचा कचरा, क्रशर, सगळं आमच्याकडंच." खोटं नाही त्याचं. पण वर्षातून एकदाच यायला जमत असेल तर त्या एकदाला महिना कोणता निवडायचा, एवढं तर हातात आहे ना?

कुणी मोजतच नाही तेव्हा लोक काय करतात हे मराठवाड्यानं 2018 मध्ये पाहिलंय. तेव्हाच्या औरंगाबाद शहराचा कचरा वर्षानुवर्षं नारेगावला पडत होता. आसपासच्या गावांनी अर्ज दिले, निवेदनं दिली, आणि शेवटी फेब्रुवारीत गाड्याच अडवल्या. मार्चमध्ये मिटमिट्याला दगडफेक झाली, गाड्या जाळल्या, लाठीमार झाला. तेव्हा मुंबईपासून सगळ्यांना कचरा दिसला. त्याआधीचे अर्ज कुठल्या टेबलावर होते ते कुणी विचारलं नाही.

मला आपल्याकडं तसं नकोय. क्रशर बंदही नकोय. माझ्या घराच्या स्लॅबला खडी इथलीच आहे. मागणी छोटी आहे: फेब्रुवारीत या, दिवसा या, यंत्र चालू असताना या आणि आकडा लिहून द्या. तसा अर्ज मंडळाला, तहसीलला आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला दिला आहे. सोबत कॅलेंडरची आणि त्या ऑगस्टातल्या पानाची प्रत जोडली आहे. नाहीच आले तर हवेच्या कायद्यात 60 दिवसांची नोटीस देऊन साधा माणूसही कोर्टात जाऊ शकतो, आणि त्यासाठी त्यानं मागितलेले अहवाल मंडळाला द्यावे लागतात. हे कलम मी पत्रकारितेच्या डिप्लोम्यात शिकलो होतो. वापरायला एवढी वर्षं लागली.

आणि 26 जानेवारीला ज्या ज्या गावात ग्रामसभा आहे, तिथं निदान एवढं विचारा, की आपल्या पंचायतीनं कुणाकुणाला ना-हरकत दिली आणि ठरावात अटी काय लिहिल्या. ठराव वाचून दाखवा म्हणा. बऱ्याच ठिकाणी अट नावाची ओळच सापडणार नाही.

अर्जाची बातमी पसरली तसा मालकांचा फोन आला. आवाज चढवला नाही. "यंदा जाहिरातीचं जरा बघू," एवढंच म्हणाले.

काकूंना कॅलेंडर ठेवून घेऊ का म्हणून विचारलं, पुरावा आहे, हरवायला नको. त्या म्हणाल्या, "झेरॉक्स काढा आन् परत द्या. मागल्या अंगाला दुधाचा हिशेब हाय, गवळ्याकडं चारशे रुपये निघत्यात माझे."