दुसरी कातडी

गेल्या वर्षी नरकचतुर्दशीला पहाटे बंबातले पाणी मीच काढून दिले. अण्णांनी उटणे लावले आणि पहिला तांब्या पायांवर घेतला. ‘पाणी बेताचं आहे हो,’ म्हणाले. दुपारी पाहतो तो दोन्ही पावलांवर टपोरे फोड! मधुमेहाने पावलांची संवेदना केव्हाच नेली होती. पाणी कढत होते हे त्या पायांनी त्यांना सांगितलेच नव्हते.

तेव्हापासून कातडी या विषयाने मला पछाडले. मी पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर; पण वाचायला कोण अडवतो?

जपानमध्ये आत्सुको तानाका नावाची एक चित्रकर्ती होऊन गेली. 1956 साली टोकियोच्या एका प्रदर्शनात ती चक्क दिव्यांचा पोशाख घालून उभी राहिली. रंगवलेले दोनेकशे दिवे, वायरींचे जंजाळ आणि सारखी उघडझाप. त्याचे चित्र वर्गात दाखवले तेव्हा एक पोरगा ओरडला, ‘सर, ही तर चालती दिवाळी!’ खरेच होते ते. पण हा डोईजड पोशाख नुसता दिसायचा. आतल्या बाईला ऊन लागते की गार, याची त्याला दाद ना फिर्याद!

त्याच टोकियोतल्या विद्यापीठात ताकाओ सोमेया यांच्या मंडळींनी 2017 साली अगदी उलट वस्तू दाखवली. पाण्यात विरघळणाऱ्या तंतूंवर सोन्याचा पातळ थर द्यायचा, ती जाळी बोटावर ठेवायची आणि वरून पाणी फवारायचे. तंतू विरघळतात, सोने मागे राहते आणि कातडीच्या बारीकसारीक रेषांनाही चिकटून बसते. जाळीतून घाम बाहेर जातो, वारा आत येतो. वीस माणसांनी ती आठवडाभर अंगावर वागवली. कुणालाही दाह झाला नाही. स्पर्श, दाब, उष्णता, सारे तिला कळते.

कळते, पण यंत्राला! अण्णांच्या पावलांना नव्हे. कळणे आणि जाणवणे यांतला फरक निदान कादंबऱ्या लिहिणाऱ्याला तरी कुणी सांगायला नको. तरीही, यंत्र वेळेवर ओरडले असते तर फोड टळले असते, हेही तितकेच खरे. तसले सोनेरी मोजे कधी आमच्या गावच्या दुकानात आले तर पहिला जोड मी घेईन.

यंदा पहाटे मी बाह्या सरसावून बादलीत कोपर बुडवले. अण्णा पाटावर बसून होते.

‘काय रे, कसं आहे पाणी?’

‘थांबा अण्णा, अजून थोडं विसण घालतो.’