तिसरे नाव

आगाशीची सुकेळी खाताना ही राजेळी केळी कुणी सोलली, कुणी उन्हात घातली, असे कुणी विचारीत नाही. गावाचे नाव घेतले की भागते. रसायनशास्त्रातही असेच चालते.

प्रा. के. वेंकटरामन पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले, १९५७ साली. त्याआधी, १९३३-३४ च्या सुमारास लाहोरला असताना, त्यांनी वनस्पतींतील फ्लॅव्होन ही पिवळी द्रव्ये प्रयोगशाळेत घडविण्याची एक वाट शोधली. इंग्लंडात बेकर यांनाही ती स्वतंत्रपणे गवसली. आज जगभर तिला ‘बेकर-वेंकटरामन पुनर्रचना’ म्हणतात.

हल्ली संशोधकाचे मोठेपण त्याच्या निबंधांचे इतरांनी किती वेळा उल्लेख केले, यावर मोजतात. गंमत अशी, की क्रियेला नाव मिळाले की मूळ निबंधाचा उल्लेख करण्याची गरजच पुष्कळांना वाटत नाही. कीर्ती वाढते आणि हिशेबाची वही मात्र कोरी राहते!

पण त्या १९३४ च्या निबंधावर वेंकटरामन यांच्याही आधी एक नाव छापलेले आहे : महाल. ते ना पुनर्रचनेच्या नावात, ना विद्यार्थ्यांच्या ओठांवर. ते जोडनाव वाचताना मी आता हे तिसरे नाव मनातल्या मनात जोडून घेतो.