चंद्रावरचे दप्तर

गेल्या पावसाळ्यात आमच्या कार्यालयातील संगणकाने मान टाकली आणि दोन वर्षे खपून उतरवलेल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीही सोबत नेल्या. दुरुस्तीस आलेल्या तरुणाने विचारले, "फादर, दुसरी प्रत कुठंय?" आम्ही कपाटातील मूळ वहीकडे बोट दाखवले. तिची काही पाने वाळवीने आधीच फस्त केली होती. "म्हणजे सगळं एकाच खोलीत?" असे म्हणून त्याने आमच्याकडे ज्या करुणेने पाहिले, ती आम्ही एरव्ही पापनिवेदनास येणाऱ्यांसाठी राखून ठेवतो.

प्रत दूर ठेवावी, असा त्याचा सल्ला. पण दूर म्हणजे किती? शेजारच्या धर्मग्रामातही तोच पाऊस अन् तीच वाळवी. म्हणून आमची नम्र सूचना अशी की, दप्तर चंद्रावर हलवावे.

वाचकहो, हसू नका. १९६९ साली अपोलो ११ च्या यात्रींनी तेथे नाण्याएवढी सिलिकॉनची चकती ठेवली. तीवर ७३ देशांच्या प्रमुखांचे संदेश आहेत; पोप सहावे पॉल यांनी आठव्या स्तोत्राचा आधार घेऊन लिहिलेला संदेशही त्यांत आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये तर इस्रायलच्या यानातून सुमारे ३ कोटी पानांचे ग्रंथालय निकेलच्या पातळ चकत्यांवर कोरून धाडण्यात आले. यानाचे नाव 'बेरेशीट', म्हणजे 'प्रारंभी'. हिब्रू बायबलचा पहिलाच शब्द. ते उतरताना आदळले. ग्रंथालय शाबूत असावे, असा धाडणाऱ्यांचा कयास आहे. मात्र पुस्तक बदलून आणायला अद्याप कोणी गेलेले नाही.

आमची योजना याहून काटकसरीची आहे. अपोलोच्या यात्रींनी चंद्रावर आरसेही ठेवले आहेत. येथून सोडलेला लेसरचा झोत त्यांवर आपटून सुमारे अडीच सेकंदांत परततो. वहीतील नावे त्या झोतावर चढवावीत, परतली की पुन्हा धाडावीत. कपाट नको, कुलूप नको! अडचणी किरकोळ आहेत. गेलेल्या असंख्य प्रकाशकणांपैकी एखाददुसराच परत हाती लागतो. तेव्हा 'पास्कोल' धाडला तर काना तरी येईल की नाही, शंका आहे. दाखला मागणाऱ्या वराला चंद्रोदयापर्यंत व्हरांड्यात बसवावे लागेल. आणि आषाढात ढग आडवे आले, तर लग्ने थेट दसऱ्यानंतर.

हे टिपण अर्धे झाले असता चाळिशीतला एक गृहस्थ खरोखरच लग्नासाठी दाखला मागायला आला. त्याचे पान नेमके वाळवीच्या पोटात गेलेले. आईवडील नाहीत, धर्ममाता-धर्मपिताही नाहीत. आमची मान खाली गेली. १९८३ च्या धर्मसंहितेचा ८७६ वा नियम अशा वेळी एका विश्वासू साक्षीदाराचा शब्द पुरेसा मानतो. त्याने शेजारच्या ८६ वर्षांच्या आजींना आणले.

"मीच याला पदराखाली घेऊन देवळात आणला, फादर," आजी म्हणाल्या. "पाणी पडलं नि यानं असं भोकाड पसरलं, की फादरांचा आवाज ऐकू येईना."

आम्ही त्यांची साक्ष लिहून घेतली. निघताना पायरीवर त्यांना हाताचा आधार द्यावा लागला.

चंद्राची योजना तूर्त स्थगित आहे. युवक नोंदी पुन्हा उतरवीत आहेत, या वेळी दोन प्रतींत. एक शेजारच्या धर्मग्रामात जाईल. दर बुधवारी आजी येतात. हरवलेल्या पानांवरची नावे त्या आठवून सांगतात, आम्ही टिपून घेतो आणि इतरांकडून पडताळून पाहतो. मध्येच त्या चहा मागतात, जुन्या लग्नांच्या गोष्टीत रमतात. त्यांना घाई नाही, आम्हाला आहे.