योकोहामातली पाणपोई

परवा जुनी हार्ड डिस्क साफ करताना 'योकोहामा नोव्हेंबर ०८' नावाचा फोल्डर सापडला. दोनशेच्या वर फोटो आणि त्यातल्या निम्म्यांत डीबीएचा अंगठा. म्हटलं, या शनिवारी यावरच लिहू. बरेच दिवस टाळतोय.

तर झालं असं. २००८ साली आम्ही चौघं तोक्योत निशी-कासाईला राहायचो. तिथे भारतीय आयटीवाले इतके, की स्टेशनबाहेर मराठीत कुणाची निंदा करायची सोय नाही. चौघं म्हणजे मी, डीबीए, टेस्टर आणि काका. (खरी नावं देत नाही, सगळे आता बायकामुलांचे आहेत.) काका आमच्यापेक्षा चारच वर्षांनी मोठा, पण बाहेर पडताना माकडटोपी घालायचा, म्हणून काका.

सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स बुडाली होती. येन भाव खात होता आणि क्लायंट हात आखडता घेत होते. नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी मेल आली: टेस्टरने महिनाअखेरीस पुण्याला परत जायचं. तिथे बेंच. बिचाऱ्याने चारच महिन्यांपूर्वी वारज्यात फ्लॅट बुक केला होता, तोही ऑनसाइट भत्ता धरून हप्त्याचा हिशोब करून. शनिवारचा योकोहामाचा बेत आधीच ठरलेला होता. मला वाटलं, हा काही येत नाही. सकाळी साडेसातला तोच सगळ्यांच्या आधी खाली उभा!

शिबुयाहून तोयोको लाइन थेट मिनातो मिराईपर्यंत जाते. आधी अर्थातच लँडमार्क टॉवर, २९६ मीटर उंच. लिफ्ट ६९व्या मजल्यावर इतक्या झटक्यात गेली की कान बंद झाले. हवा स्वच्छ होती, फुजी दिसला. काका म्हणाला, "छान आहे, पण सिंहगडावर निदान पिठलं-भाकरी मिळते." टेस्टर खाली दिसणाऱ्या कॉस्मो क्लॉककडे बघत होता. ११२ मीटरचा आकाशपाळणा आणि त्याच्या पोटात भलंमोठं डिजिटल घड्याळ. याने मनगटावरच्या घड्याळाशी वेळ ताडून पाहिली आणि म्हणाला, "पास."

टॉवरच्या पायथ्याशी १८९६ सालची दगडी गोदी आहे. जिथे जहाजं दुरुस्त व्हायची, तिथे आता लोक बसून जेवतात. शेजारी निप्पॉन मारू हे १९३० सालचं शिडाचं जहाज. पुढे लाल विटांची कस्टमची जुनी गोदामं, त्यांची २००२ पासून दुकानं झालीत. इमारती देखण्या, आत मात्र कीचेनच कीचेन. आम्ही दहा मिनिटांत बाहेर.

जेवायला चायनाटाउन. काका पक्का शाकाहारी, त्याचे जपानात हालच. तिथे वाफवलेले गरमागरम पाव मिळतात. मटण-बिटण नसलेला कुठला, हे मी मोडक्या जपानीत विचारलं, तर बाईंनी 'आनमान' दिला. आत लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड सारण. काकाने एक घास घेतला आणि डोळे मिटून म्हणाला, "पुरण!" सलग चार खाल्ले त्याने. टेस्टरही मनापासून हसला. दिवसभरात कुणीही मेलचा विषय काढला नव्हता.

मग यामाशिता पार्क. समुद्राला लागून लांबलचक बाग आणि समोर हिकावा मारू उभी. ही बोट एके काळी प्रशांत महासागर ओलांडून सिअ‍ॅटलला जायची, चार्ली चॅप्लिनने तिच्यातून प्रवास केलाय. काका आणि डीबीए ती बघायला आत गेले. मी आणि टेस्टर बागेच्या दुसऱ्या टोकाला चालत गेलो.

तिथे एकदम घुमटाची छत्री दिसली. वर मोझेकचं छत आणि खाली पाणी प्यायची सोय. हे काय, म्हणून पाटी वाचली. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात योकोहामा जमीनदोस्त झालं. ही अख्खी बाग त्याच शहराचा राडारोडा समुद्रात टाकून केलेली, १९३० साली उघडली. तेव्हा इथे भारतीय व्यापारी होते, रेशमाचा धंदा करणारे. भूकंपात त्यांचीही माणसं गेली. संकटात योकोहामाच्या लोकांनी आसरा दिला, त्याचे आभार म्हणून आणि गेलेल्यांच्या आठवणीसाठी भारतीयांनी हे बांधून दिलं.

"म्हणजे पाणपोईच की," टेस्टर म्हणाला. "आमच्या गल्लीत आहे तशी. कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ."

का कोण जाणे, तिथे मला राहवेना. मी सांगून टाकलं. आदल्या आठवड्यात लीडने माझ्याकडून एक एक्सेल मागवली होती. चौघांची नावं, काम आणि शेवटच्या रकान्यात 'अत्यावश्यक: हो / नाही'. एकापुढे तरी 'नाही' लागेल, असं त्याने फोनवर सांगितलं होतं. टेस्टिंग संपत आलं होतं, म्हणून मी याच्यापुढे 'नाही' लिहिलं. हे खरंच होतं. पण माझंही काम डिसेंबरात संपणार होतं, आणि स्वतःपुढे 'हो' लिहिताना मी क्षणभरही थांबलो नव्हतो.

तो घुमटाकडे बघत राहिला.

"माहितीये," म्हणाला. "शेअर्ड ड्राइव्हवर ठेवली होतीस. मंगळवारीच बघितली. पासवर्ड टाकत जा रे."

"मग आज आलास कसा?"

"तिकिटाचे पैसे आधीच दिले होते ना काकाला." मग थोडं थांबून, "तुझ्या जागी मीही तेच केलं असतं, असं म्हणणार नाही हां मी. केलं असतं कदाचित. पण म्हणणार नाही."

काय बोलणार? तेवढ्यात काका माकडटोपी हलवत लांबून हाका मारायला लागला. साडेचारलाच अंधारून आलं होतं. परतीच्या गाडीत टेस्टर माझ्याच खांद्यावर डोकं टाकून झोपला. त्याचा फोटो आहे, अंगठ्यासकट.

फ्लॅट त्याने सोडला नाही. हप्त्यांसाठी बाइक विकली, घरून उसने घेतले. २००९ च्या दिवाळीआधी वास्तुशांत केली आणि मला फोन करून बोलावलं. काका आणि डीबीए तेव्हा जपानातच होते. मी गेलो. मलाही मार्चमध्ये परत पाठवलं होतं. ती शीट कुणी भरली होती, ते मी आजवर विचारलेलं नाही.