बेटाची प्रदक्षिणा

चोहोंकडून पाण्याने वेढलेला भूभाग म्हणजे बेट, ही व्याख्या भूगोलाच्या पुस्तकात सर्वांनीच वाचलेली असते. व्याख्या अचूक आहे. परंतु ती नकाशावर बोट ठेवून केलेली आहे. बेटाची खरी ओळख करून घ्यावयाची असेल, तर त्याची प्रदक्षिणा करावी, आणि तीही सायकलीवरून. मग ‘भूभाग’ या शब्दाचा अर्थ पायांना कळतो, ‘वेढलेला’ या शब्दाचा अर्थ डोळ्यांना कळतो आणि ‘पाणी’ या शब्दाचा अर्थ नौकेची वाट पाहत धक्क्यावर उभे राहिले म्हणजे कळतो.

अशा प्रदक्षिणेसाठी सायकलस्वार ज्या बेटावर हौसेने जातात, असे एक बेट स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यासमोर आहे. त्याचे नाव ॲरन. त्याची दक्षिणोत्तर लांबी सुमारे 32 किलोमीटर, रुंदी त्याच्या निम्म्याच्या आसपास, क्षेत्रफळ सुमारे 430 चौरस किलोमीटर आणि वस्ती साडेचार हजारांच्या घरात. उत्तरेस ग्रॅनाइट खडकाचे उंच, उघडेबोडके डोंगर आहेत. त्यांतील गोट फेल हे सर्वोच्च शिखर 874 मीटर उंच आहे. दक्षिण भाग त्या मानाने ठेंगणा आणि हिरव्या कुरणांचा. स्कॉटलंड देशाचा उत्तर भाग डोंगराळ, तर दक्षिण भाग सौम्य. ते दोन्ही स्वभाव या एवढ्याशा बेटात एकत्र नांदतात, म्हणून लोक त्यास कौतुकाने ‘छोटे स्कॉटलंड’ म्हणतात. किनाऱ्याच्या कडेकडेने या बेटाला वळसा घालणारा रस्ता सुमारे 90 किलोमीटर लांबीचा आहे. नकाशावर तो गळ्यातील माळेसारखा दिसतो. सायकलस्वाराला मात्र त्या माळेतील मणी न् मणी मोजावा लागतो.

बेटावर जाण्याची वाट अर्थातच पाण्यातून आहे. समोरच्या एअरशायर परगण्याच्या किनाऱ्यावरून निघालेली नौका तास-सव्वा तासात ॲरनच्या ब्रॉडिक बंदरास लागते. धक्क्यावर वाहनांची रांग लागलेली असते. मालाने भरलेले ट्रक, टपालाची गाडी, प्रवाशांच्या मोटारी, आणि त्यांच्यातच आपल्या सायकली धरून उभे असलेले सायकलस्वार. या नौकांवर माणसाला भाडे पडते, त्याच्या सायकलीला पडत नाही. नौकेचे लोखंडी दार खाली टेकले, की खलाशी हाताने खूण करतो आणि एकेक वाहन नौकेच्या पोटात शिरू लागते. पाण्याने ओले झालेले ते लोखंड भलतेच निसरडे असते. म्हणून शहाणा सायकलस्वार तेथे खाली उतरतो आणि सायकल हाती धरून चालत जातो. आत कठड्यालगत ती उभी करावयाची, समुद्राच्या हेलकाव्याने पडू नये म्हणून दोरीने बांधावयाची आणि जिना चढून वर जाऊन बसावयाचे. आतापर्यंत ज्याने स्वतःच्या पायांच्या बळावर मार्ग कापला, तो आता नुसता पाहुणा होतो. पाय स्वस्थ असतात, आणि किनारा तरीही मागे सरत असतो.

मागे सरणाऱ्या या किनाऱ्यास सायकलस्वाराने मनोमन नमस्कार करावा, असे एक कारण आहे. याच एअरशायर परगण्यात ड्रेगहॉर्न नावाचे खेडे आहे. तेथे 1840 साली जॉन बॉइड डनलॉप याचा जन्म झाला. तो व्यवसायाने गुरांचा वैद्य होता आणि पुढे आयर्लंडमधील बेलफास्ट शहरी राहत असे. त्याच्या लहान मुलाजवळ एक तीनचाकी होती. तिची चाके टणक होती, त्यामुळे खडबडीत रस्त्यावर मुलास फार हादरे बसत. बापाने रबराची नळी करून तीत हवा भरली, ती चाकाभोवती बसविली आणि 1888 साली त्या युक्तीचा अधिकृत हक्क मिळविला. हवा भरलेल्या धावेची कल्पना रॉबर्ट टॉमसन या दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाने 1845 सालीच मांडली होती; परंतु ती तेव्हा लोकांच्या विस्मृतीत गेली. सायकलीच्या चाकाखाली हवेची मऊ गादी खऱ्या अर्थाने आली ती डनलॉपमुळे. आज ॲरनच्या खडकाळ रस्त्यावरून जो सुखाने धावतो, तो एका बापाच्या मायेवर स्वार झालेला असतो.

ब्रॉडिकहून उत्तरेस निघाले, की पहिले काही किलोमीटर रस्ता आश्चर्य वाटण्याइतका सपाट आहे. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला समुद्र, आणि मधून सरळ जाणारी ही चिंचोळी पट्टी. ही पट्टी कोणी खणून काढलेली नाही. फार पूर्वी या प्रदेशावर बर्फाचे प्रचंड थर साचले होते आणि त्यांच्या भाराने जमीन खाली दबली होती. पुढे बर्फ वितळले, ओझे उतरले आणि डोक्यावरील भारा खाली ठेवल्यावर हमालाने पाठ सरळ करावी, तशी ही भूमी हळूहळू वर उठली. तिच्याबरोबर त्या काळची पुळणही पाण्याबाहेर वर आली. आजचा रस्ता बहुतेक ठिकाणी त्या जुन्या पुळणीवरूनच गेला आहे. रस्त्याच्या डोंगराकडील बाजूस जुने समुद्रकडे दिसतात. लाटांनी कोरलेल्या गुहाही बेटावर जागोजागी आहेत. लाटा मात्र आता त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. मोटारीतील प्रवासी या सपाटीकडे लक्षही देत नाही. सायकलस्वार मात्र पायांना मिळालेली उसंत कृतज्ञतेने ओळखतो.

ही उसंत सॅनॉक्स गावापर्यंतच पुरते. पुढे बेटाचे उत्तर टोक इतके उभे समुद्रात उतरले आहे, की तेथून रस्त्याला वाटच उरत नाही. तो समुद्राचा हात सोडतो आणि डोंगरात शिरतो. सुमारे 200 मीटर उंचीपर्यंत चढ आहे. डोंगर चढणाऱ्याच्या दृष्टीने ही उंची काहीच नव्हे. परंतु सायकलीवर बसलेल्याला ती समुद्रसपाटीपासून, एकदम आणि पुरती चढावी लागते. वळण आले, की वाटते, येथे चढ संपणार. वळणापलीकडे दुसरा चढ उभाच असतो. अशा वेळी माथ्याकडे पाहणे सोडून द्यावे आणि पुढच्या चाकासमोरील हातभर रस्ता पाहावा, हे कोणी न शिकविताच कळते.

या चढावर सायकलीचे गिअर उपयोगी पडतात. साखळी पुढच्या लहान आणि मागच्या मोठ्या दातेरी चाकावर घेतली, की पॅडल हलके होते. नवख्याला वाटते, गिअरने डोंगराचे ओझे कमी केले. तसे मुळीच नसते. पॅडलाच्या एका फेऱ्यात सायकल आता पूर्वीपेक्षा कमी अंतर जाते. म्हणून फेरे अधिक मारावे लागतात. देणे तेवढेच राहते, ते लहान लहान हप्त्यांनी फेडावयाची सवलत मात्र मिळते. माणसाच्या हातून होणारी बहुतेक मोठी कामे याच रीतीने पार पडतात. एवढे खरे, की हे हप्ते ज्याचे त्यानेच भरावयाचे असतात. सोबत चार मित्र असले, तरी ते धीर देतील, पाण्याची बाटली पुढे करतील. आपल्या वाटणीचे पॅडल दुसऱ्याकडून मारून घेता येत नाही.

माथा आला, की वारा तोंडावर येतो आणि पलीकडची दरी उघडते. उतारावर ब्रेक हलकेच दाबीत सायकल लोखरांझा गावात येते. खाडीच्या मुखाशी एका जुन्या किल्ल्याचे भग्नावशेष उभे असतात आणि गावाच्या आसपास तांबडी हरणे निर्धास्त चरत असतात. या गावाजवळच्या किनाऱ्यावर 1787 साली जेम्स हटन हा भूशास्त्रज्ञ आला होता. तेथे खडकांचे जुने थर एका दिशेस कललेले आहेत आणि त्यांवर नवे थर निराळ्याच दिशेस कललेले आहेत. जुने थर साचावे, ते उचलले जावे, झिजावे आणि मग त्यांवर नवे साचावे, याला केवढा काळ लागला असेल! पृथ्वीचे वय लोक समजतात त्याहून कितीतरी अधिक असले पाहिजे, या त्याच्या विचाराला अशा खडकांनीच बळ दिले. ज्याला एक चढ चढण्यास तास लागला, त्याने या दगडांपाशी क्षणभर थांबावे. त्या तासाची तक्रार तो पुन्हा करणार नाही.

लोखरांझाहून दुसरी एक लहान नौका सुटते. ती अर्ध्या तासात किन्टायर द्वीपकल्पास पोहोचते. उन्हाळ्यात काही हौशी सायकलस्वार ॲरनवरून तिकडे जातात आणि तेथून पुढे कोवल द्वीपकल्प व ब्यूट बेट करीत मुख्य भूमीवर परततात. या वाटेवर पाच वेळा नौकेत बसावे लागते, म्हणून तिला ‘पाच नौकांची वाट’ असेच नाव पडले आहे. कोवल आणि ब्यूट यांच्यामधील सामुद्रधुनी तर इतकी अरुंद आहे, की नौका ती पाचएक मिनिटांत ओलांडते. पूर्वी गुरे बाजारास नेताना तेथून पोहत पलीकडे काढीत. कोलिनट्राइव्ह या तेथील गावाच्या नावातच पोहून ओलांडण्याच्या त्या सामुद्रधुनीचा अर्थ दडलेला आहे. सर्व वाट एका दिवसात पुरी करू म्हणणाऱ्याला वेळापत्रक पाठ असावे लागते. एक नौका चुकली, तर पुढच्या साऱ्यांचे गणित कोसळते. वाऱ्याशी झुंजता येते, चढाशी झुंजता येते. धक्क्यावरून सुटलेल्या नौकेशी झुंजता येत नाही.

बेटाची प्रदक्षिणा पुरी करणारा मात्र पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेस वळतो. येथे चढ थोडा असला, तरी बहुधा नैर्ऋत्येकडून येणारा वारा समोर उभा असतो. वाटेत कॅटाकोल येथे एकसारख्या बारा घरांची एक ओळ लागते. समुद्रावर गेलेल्या कोळ्याला रात्री आपल्या घरातील दिवा दुरून ओळखता यावा, म्हणून प्रत्येक घराच्या वरच्या खिडकीचा आकार निराळा ठेवला, असे सांगतात. पुढे दक्षिणेकडचा रस्ता चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. दमलेल्या पायांना हे लहान लहान चढ उत्तरेच्या मोठ्या चढापेक्षा अवघड वाटतात. लॅमलॅशनंतर अखेरची टेकडी ओलांडली, की खाली ब्रॉडिकचा उपसागर दिसतो आणि सायकलस्वाराची दृष्टी आपोआप धक्क्याकडे जाते. नौका आली आहे ना?

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नसतो. वादळी हवेत नौका निघत नाहीत. तसे दिवस लांबले, की दुकानातील फळ्या रिकाम्या होऊ लागतात, टपाल पलीकडे अडकून पडते आणि मुख्य भूमीवरील मोठ्या इस्पितळात तपासणीसाठी जाऊ पाहणारा रोगी घरीच थांबतो. सायकलस्वाराला फार तर एक रात्र अधिक काढावी लागते. बेटावरील माणसाचे सारे जीवनच त्या दोरखंडाला बांधलेले असते. दिवसभर स्वतःच्या पायांवर विसंबून राहिलेल्या माणसाला हे समजणे अगत्याचे आहे. डोंगराने त्याला शिकविलेले असते, की आपले काम आपणच केले पाहिजे. समुद्र त्याच्यापुढे दुसरा धडा ठेवतो, की काही कामे कोणालाच एकट्याने करता येत नाहीत. त्यांसाठी खलाशी लागतो, यंत्रावरचा माणूस लागतो, पहाटे उठून धक्क्यावर दोर झेलणारा लागतो. पहिलाच धडा शिकलेला माणूस गर्विष्ठ होतो आणि दुसराच शिकलेला परावलंबी होतो. डोंगराळ बेटाची प्रदक्षिणा हे दोन्ही धडे एकाच दिवसात देते. म्हणूनच नौकेत सायकल बांधताना बाजूच्या माणसाला दोरीचे टोक धरावयास सांगण्यात, 90 किलोमीटर एकट्याने कापून आलेल्या त्या सायकलस्वाराला कमीपणा वाटत नाही.