मूल ‘क’

पहिल्या दिवशी मी वहीत लिहिलं, ‘मूल क लाजाळू आहे. दाराशी बसून राहतं. काहीच करत नाही.’ वही तपासून परत आली तेव्हा ‘लाजाळू’ आणि ‘काहीच’ या शब्दांवर लाल शाईची काट होती आणि समासात दोनच शब्द होते : ‘दिसलं काय?’

४३व्या वर्षी कॉलेजच्या पहिल्या वर्गात जाऊन बसलं की असे फटकारे जरा जास्त लागतात. वर्गातल्या मुली माझ्या मुलाच्या वयाच्या. आधी मला ‘मॅडम’ म्हणाल्या, आठवड्याभरात ‘काकू’वर आल्या आणि डबा खायच्या सुट्टीत माझ्या शेजारी जागा धरू लागल्या. आळंदीहून निघालेली बस दिघी, विश्रांतवाडी करत पुण्यात शिरेपर्यंत मी पियाजे आणि एरिक्सन पाठ करायची. शेजारच्या सीटवर एखादी आजी हरिपाठ पुटपुटत असायची, मी बालविकासाच्या अवस्था. ओठ दोघींचेही हलत असायचे.

‘पोरं सांभाळायला कॉलेज लागतं होय?’ सासूबाईंनी विचारलं होतं. त्यांनी स्वतः पाच वाढवलेली. प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आमच्या बाईंचा नियम साधा होता. निरीक्षणाच्या वहीत विशेषण नको. डोळ्यांना दिसलं तेवढं लिहायचं, कानांनी ऐकलं तेवढं लिहायचं. ‘राग दिसत नाही, फेकलेला ठोकळा दिसतो,’ असं त्या म्हणायच्या. नावंही लिहायची नाहीत; मुलांची नावं त्यांच्या आईबापांची, आपल्या वहीची नव्हेत. म्हणून मूल अ, मूल ब, मूल क. पियाजेनं स्वतःच्या तीन मुलांकडे असंच बघत बसून पानंच्या पानं भरली. आम्हाला पंधरा दिवस दिले होते, एक अंगणवाडी आणि दर पाच मिनिटांनी एक ओळ.

विशेषणाशिवाय लिहायचं, आणि तेही आळंदीत! आमच्या गावात पाटी रंगवायची झाली तरी दुकानाच्या नावाआधी दोन विशेषणं लागतात. धर्मशाळा, मंगल कार्यालयं, फुलांचे स्टॉल, सगळे पवित्र, पावन, दिव्य. मी लग्न होऊन इथे आले त्याला बावीस वर्षं झाली. इंद्रायणी म्हटलं की तोंडातून आपोआप ‘पुण्यसलिला’ निघतं, आणि डोळ्यांसमोर कधी कधी पांढरा फेस असतो. या अंगणवाडीतलं एक मूल, वहीतलं ‘ब’, घाटावरून येताना म्हणालं, ‘नदीनं साबण लावला.’ मी ते तसंच उतरवलं. त्या ओळीवर लाल शाई आली नाही.

अंगणवाडी मरकळ रस्त्याच्या बाजूला, पत्र्याच्या खोल्यांच्या रांगेत. एक खोली, कोपऱ्यात खिचडीचं पातेलं, वजनकाटा, उंची मोजायची पट्टी, एका कपाटात खेळणी आणि दुसऱ्यात रजिस्टरं. रजिस्टरांचं कपाट मोठं. आसपास राहणारी माणसं चाकणच्या, मरकळच्या कारखान्यांत जाणारी : कुणी बीडचं, कुणी यवतमाळचं, कुणी बिहारमधल्या सिवानचं. मुलं तीन ते सहा वर्षांची. पटावर सव्वीस, रोज येणारी सोळा-सतरा. भिंतीवर अ अननसाचा ते ज्ञ ज्ञानेश्वराचा असा तक्ता. छान रंगवलेला, पण माझ्या डोळ्यांच्या उंचीला. तीन वर्षांचं मूल तीन फुटांच्या आसपास असतं. त्याला त्या भिंतीवर दिसतो तो खालचा ओलसर पट्टा आणि तिथं कुणीतरी पेन्सिलीनं मारलेल्या गिरगोट्या. सेविकाताईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या. ‘खाली लावला तर दोन दिवसांत फाडतात हो.’

भिंतींवरूनच तर हे सारं सुरू झालं. रोममधल्या सान लोरेन्झो वस्तीत कामगारांसाठी चाळी दुरुस्त केल्या होत्या. आईबाप कामावर गेले की पोरं दिवसभर जिन्यात आणि भिंतींवर धुडगूस घालायची, रंग खराब करायची. मालकांनी विचार केला, पुन्हा पुन्हा रंग काढण्यापेक्षा पोरांना एका खोलीत बसवलेलं स्वस्त पडेल. त्या खोलीवर नेमलं मारिया माँटेसरी नावाच्या डॉक्टरबाईंना. ६ जानेवारी १९०७. जगभर गाजलेल्या शिक्षणपद्धतीचा जन्म भिंत खराब होते या तक्रारीतून झाला हे वर्गात ऐकलं तेव्हा मला आमच्या मरकळ रस्त्यावरचे खोलीमालक आठवले. भाड्याच्या करारात तेही बजावतात, पोरांनी भिंती रंगवायच्या नाहीत. आणि हे त्या गावात, जिथं भिंतीवर बसलेल्या चार पोरसवदा भावंडांनी ती चालवली असं आपण सांगतो! मुक्ताबाई त्या चौघांत सगळ्यांत धाकटी.

पण माझ्या मनात घर केलं ते ताराबाई मोडकांनी. भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात त्यांनी काम केलं. हे गिजुभाई मूळचे वकील, आणि पोरांनी त्यांना नाव दिलेलं ‘मूछाळी मा’, मिशांवाली आई. दोघांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. शहरातल्या सुखवस्तू पोरांची बालमंदिरं चालवून झाल्यावर ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या. (हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवला होता. सासूबाईंसाठी.) मोरगावच्या अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या; लहानपणी वैधव्य आलेली, आपल्याच जिल्ह्यातली बाई. बोर्डीच्या दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आधी अंघोळी, नखं, केस, मग गाणी. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या अंगणातला. माँटेसरीचं साहित्य महाग, म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे हेच साहित्य. पुढे १९५७ मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर गेलं, आणि गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळा कुरणात गेली. २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारनं देशभरात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा गावोगावच्या केंद्रांना नाव मिळालं तेच, अंगणवाडी. आता त्या नावातलं अंगण कुठे आहे, हे मरकळ रस्त्यावर उभं राहून विचारू नये. पत्र्याच्या दोन रांगांमध्ये गटार आहे आणि गटारावर फरशी आहे. तेच अंगण.

मूल क त्या फरशीवरून यायचं. आई त्याला दारात सोडायची आणि पॅकिंगच्या कामावर पळायची. बाप नाइट करून झोपलेला. घरची बोली भोजपुरी, अंगणवाडीची मराठी. चार वर्षांचं पोर दाराच्या आत, चपलांच्या ढिगाजवळ बसायचं.

दर पाच मिनिटांनी एक ओळ लिहायची म्हणजे काय, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. पहिले तीन दिवस माझी वही कंटाळ्यानं भरली. १०.०५ दाराशी. १०.१० दाराशी. १०.१५ दाराशी, चप्पल हातात. १०.२० दाराशी. मिल्ड्रेड पार्टेन नावाच्या अमेरिकन बाईंनी १९३२ मध्ये मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले, त्यात नुसतं दुसऱ्यांचा खेळ बघत राहणं हाही एक प्रकार आहे. परीक्षेला मी तो लिहिला होता. समोर दिसला तेव्हा मात्र मी त्याला ‘काहीच करत नाही’ म्हटलं. शिकलेलं आणि दिसलेलं एकमेकांना ओळख देत नाहीत, निदान पहिल्या भेटीत तरी.

चौथ्या दिवशी मागच्या ओळी चाळताना ‘चप्पल हातात’ सहा वेळा आलेलं दिसलं. मग मी तेवढंच बघायला लागले. ते पोर चपला जोडत होतं. आत येताना मुलं भिरकावून देतात त्या : एक इकडे, एक तिकडे, उलट्या, एकीवर दुसरी. ते एक उचलायचं, तिचा जोडीदार हुडकायचं, दोन्ही भिंतीला लावून ठेवायचं. डावी डावीकडे. रांग संपली की सगळ्यांकडे बघायचं, आणि पुन्हा रांगेकडे. सुट्टी झाली तेव्हा एक मुलगी दुसरीचे सँडल घालून निघाली, तर यानं तिचा फ्रॉक धरला आणि मान हलवली. सतरा मुलांच्या चपला त्याला पाठ होत्या. पोरांची नावं अजून येत नव्हती.

पुस्तकात याला एकास एक संगती म्हणतात. अंक यायच्या आधी ती यावी लागते. ती शिकवायला मी घरून मणी आणि कप नेले होते, छान रंगवून, पाठटाचणासकट. ते पिशवीतच राहिले.

सेविकाताईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘मला दिसतं हो ते. जूनपासून करतोय तो. पण मोबाइलमध्ये वजन आणि उंची भरायची असते. चपलांचा रकाना नाही.’ त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. खिचडीखालचा गॅस बारीक करत त्या बोलत होत्या, मांडीवर एक पेंगुळलेलं पोर. या बाईंना इतकं दिसतं आणि त्यातलं काहीच कुठे लिहिलं जात नाही, हे मला आजही खटकतं.

आणि माझं काय? माझ्या मुलाच्या पहिलीच्या प्रगतिपुस्तकात शेरा होता, ‘चंचल’. कोणत्या शाळेनं दिला ते सोडा. शाळेनं एकदाच लिहिलं, आम्ही दहा वर्षं म्हणत राहिलो. पाहुण्यांसमोर, त्याच्यासमोर, हसत हसत. चंचल आहे हो आमचा. तो पोरगा आता चाकणला सीएनसी मशिनपुढे आठ तास उभा असतो, आणि शंभरातल्या एका पार्टवरचा केसाएवढा ओरखडा त्याला दिसतो. त्या पहिलीच्या बाईंना वर्गात नेमकं दिसलं काय होतं, हे मी कधी विचारलं नाही. शेरा आला आणि आम्ही सही केली.

दुसऱ्या आठवड्यात कार्तिकी लागली. गाव दिंड्यांनी भरलं, रिक्षा आत येईनात, हजेरी अकरावर आली. आळंदीची मुलं तीन खेळ खेळतात, ते कुणी शिकवावे लागत नाहीत. एक लग्नाचा, कारण गावात रोज कुठल्यातरी कार्यालयात लग्न असतंच. अंतरपाट म्हणून ओढणी, अक्षता म्हणून वाळू, आणि ‘सावधान’ इतक्या जोरात की नवरी रडते. दुसरा कंपनीचा. पाठीला पिशवी, भिंतीवर बोट दाबून हजेरी लावायची आणि ‘ओटी आहे, उशीर होईल’ असं खोलीभर सांगत फिरायचं. तिसरा दिंडीचा. त्या दिवशी दिंडी होती. ताटल्यांचे टाळ झाले, पाण्याच्या बाटलीची वीणा झाली, कपाटाचं दार म्हणजे मंदिर.

१०.३५ ला मूल अ ओरडलं, ‘चपला काढा, देऊळ आलं.’ कुणाच्याच पायात चपला नव्हत्या, त्या दाराशी होत्या. सगळी दिंडी दाराशी गेली, चपला घातल्या आणि परत काढल्या. १०.४० ला मूल क बाहेर फरशीपर्यंत गेलं. मुठीत काहीतरी घेऊन आलं. चपलांमागे बसलं. ज्यानं चप्पल दिली त्याच्या हातावर त्यानं एक खडा ठेवला.

देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर बिल्ला देतात, तसा.

अकरा जोड, अकरा खडे. मी मोजले. दर्शन झालं, दिंडी परतली, खडा दिला की चप्पल मिळायची. एकानं खडा हरवला होता, तो रडला. मूल क बाहेर गेलं नाही, त्यानं रांगेत उरलेला एकच जोड बघितला आणि तो त्याला दिला. मी पाच मिनिटांच्या नियमाबाहेर जाऊन सलग लिहीत होते, अक्षर वेडंवाकडं झालं होतं. लाल शाईवाल्या बाईंनी पुढे त्या पानावर फक्त टिक केली. प्रात्यक्षिकाला ५० पैकी ३८ मिळाले. बारा गुण पहिल्या तीन दिवसांत गेले असावेत, आणि ते जायलाच हवे होते.

त्या दिवशी सगळी गेल्यावर मीही माझ्या चपला त्याच्यापुढे ठेवल्या. मला खडा मिळाला. तो मी आठवण म्हणून पर्समध्ये टाकला आणि निघायला वाकले, तर त्यानं माझ्या एका चपलेवर हात ठेवला होता.

‘पत्थर,’ तो म्हणाला.

मी पर्स उघडली. खडा दिला तेव्हाच चपला मिळाल्या.