प्राओतेस

सध्या अ‍ॅरिस्टॉटलचं नीतिशास्त्र वाचते आहे. इंग्रजी भाषांतर, शेजारी शब्दकोश, त्यामुळे गाडी बैलगाडीच्या वेगाने! त्यात चौथ्या भागात एक ग्रीक शब्द भेटला आणि आठवडाभर तिथेच अडकले. प्राओतेस.

इंग्रजीत त्याला कुणी ‘जेंटलनेस’ म्हणतं, कुणी ‘माइल्डनेस’. मराठी बायबलात याच कुळातल्या शब्दाला ‘सौम्य’ म्हटलंय. सौम्य हा सोमावरून आलेला, चंद्रासारखा शीतल. शब्द सुरेखच. पण त्यात रागाला जागाच नाही, आणि अ‍ॅरिस्टॉटल तर प्राओतेसची चर्चा करतो ती रागाच्या संदर्भात! त्याच्या मते असा माणूस रागावतो. पण योग्य कारणासाठी, योग्य माणसावर, योग्य वेळी आणि हवा तेवढाच वेळ. झुकतं माप मात्र क्षमेकडे. आणि स्वतःचा किंवा आपल्या माणसांचा अपमान जो मुकाट गिळतो, त्याला तो सौम्य म्हणतच नाही, त्याची वृत्ती त्याला गुलामाची वाटते.

रागीट माणसांचे प्रकारही त्याने सांगितलेत. चटकन तापून चटकन निवणारे त्याला त्यातल्या त्यात बरे वाटतात. दुसरे ‘कडू’. हे राग बाहेर दिसू देत नाहीत, त्यामुळे त्यांची समजूत कुणी घालू शकत नाही, आणि आतल्या आत राग पचायला फार काळ लागतो. त्रास स्वतःला आणि जवळच्यांनाच जास्त. मुंजीत पान उशिरा मांडलं म्हणून वीस वर्षं अबोला धरणारं एक तरी माणूस प्रत्येक घराण्यात असतं. (नातेवाइकांनी नाव शोधत बसू नये!)

ग्रीक लोक हा शब्द जनावरांनाही लावत. झेनोफोनचं घोड्यांवर एक पुस्तक आहे. त्यात तो म्हणतो, शिंगरू शिकवणाऱ्याच्या हाती द्यायच्या आधीच ते सौम्य आणि माणसाळलेलं असावं. त्यासाठी भूक, तहान, गोमाशा हे सगळं त्याला एकटेपणी भोगावं लागतं आणि सुटका माणसाच्या हातून होते, असं त्याला वाटायला हवं. छडी टेबलावर ठेवूनच शिकवायला सुरुवात करणाऱ्या आमच्या पिढीतल्या शिक्षकांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या शाळेत गणिताचे एक सर होते. सगळे त्यांना ‘गरीब गाय’ म्हणत. एकदा फी थकली म्हणून शाळेतले एक गृहस्थ भर वर्गात येऊन एका मुलाला त्याच्या वडिलांवरून बोलले. सरांनी खडू खाली ठेवला. “हे मुलापाशी बोलायचं नाही. बाहेर चला.” आवाज चढला नव्हता, पण शेजारच्या वर्गात माझी मुलंसुद्धा चिडीचूप झाली. त्यानंतर वर्गात येऊन फी कुणी मागितली नाही. आणि त्याच दुपारी डबा खाताना सरांनी त्याच गृहस्थांना लोणचं वाढलं! स्टाफरूममध्ये यावर दोन तट पडले. काहींच्या मते एवढं झाल्यावर लोणचं वाढणं हा बुळेपणा होता.

सरांना काय म्हणावं? ‘शांत’ अपुरा पडतो. ‘मवाळ’ म्हणावं तर १९०७ च्या सुरत काँग्रेसच्या जहाल-मवाळ भांडणात त्या शब्दाला चढलेला रंग अजून उतरलेला नाही. ‘सोशीक’ तर नकोच, तो आपण सुनांसाठी राखून ठेवलाय. तुम्हाला एखादा सुचला तर जरूर कळवा.